कुणाचा रं तू?

गावात परक्या पोराला आधी नाव विचारत नाहीत. ‘कुणाचा रं तू?’ असं विचारतात. बाप सांगितला की वस्ती कळते. वस्ती कळली की तांब्या हातात द्यायचा की पाणी वरून ओतायचं, ते ठरतं. माझ्या आज्याला हा प्रश्न पाटलाच्या ओट्याखाली उभं करून विचारला. मला तो शहरात, भाड्याची खोली बघताना विचारला, जरा गोड आवाजात. ‘आडनाव नाही कळलं?’ मी आडनाव सांगितलं. खोली नेमकी सकाळीच गेली होती म्हणे.

हे आठवायचं कारण असं. परवा एका कॉलेजात परिसंवाद होता. विषय, आफ्रिकेतून युरोप-अमेरिकेत गेलेल्या माणसांच्या कथा-कादंबऱ्या. अस्मिता आणि आपलेपणा. व्यासपीठावरच्या विद्वानांनी तासभर एकच दळण दळलं. मुळं तुटली, मायभूमीची ओढ, आतली पोकळी. मग अमेरिकेतल्या स्वतःच्या चिरंजीवांना गणपतीत कसं भरून येतं, तेही सांगून झालं. टाळ्या पडल्या. मी उठून विचारलं, ‘सर, ज्या घराची ओढ म्हणता ते घर कुणाचं?’ अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली.

दोस्तांनो, तिथं वेळ संपली म्हणून इथं लिहितो. हे असलं वाचन चुकीचं तर आहेच, पण त्याहून जास्त ते सोयीचं आहे.

ऊस्मान सेम्बेन हा सेनेगलचा लेखक. मार्सेयच्या बंदरात हमाली केलेला माणूस. त्याची एक कथा १९६२ च्या संग्रहात आहे, १९६६ साली तिच्यावर त्यानेच सिनेमा काढला. दिउआना नावाची पोरगी डाकारमध्ये गोऱ्या कुटुंबाकडे कामाला असते. मालकीण तिला फ्रान्सला नेते. डाकारात घरात आणखीही नोकर होते. फ्रान्समध्ये स्वयंपाक, धुणं, झाडू, पोरं, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. पाहुणे आले की तिची नुमाईश. शेवटी ती न्हाणीघरात जीव देते. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बारीक बातमी येते. मरणाचं कारण काय, तर घराची आठवण!

बघा, पंचनामा कसा उरकला. मालकीण सुटली, राबवणूक सुटली, मेली ती आठवणीनं. आपल्याकडे माणूस ठेचला की बातमीत ‘किरकोळ कारणावरून’ असं छापतात, तीच ही लेखणी. आणि आमचे विद्वान साठ वर्षांनी माईकवर उभं राहून तीच बातमी पुन्हा वाचून दाखवतात. त्या कथेचं फ्रेंच नावसुद्धा त्यांना वाचता आलं नाही. ‘...ची काळी’ असं ते नाव. कुणाची, ती जागा मोकळी. कोणत्याही मालकानं आपलं नाव भरावं. आपलेपणा, आपलेपणा म्हणता ना? इथं ‘आपली’ म्हणजे मालकीची.

आता बुची एमेचेटा. नायजेरियाची बाई, १९६२ साली लंडनला गेली, पाच पोरं वाढवली, समाजशास्त्र शिकली. तिची ‘सेकंड क्लास सिटिझन’ १९७४ ची. त्यातली आडा खोली शोधत हिंडते. खिडकीत पाट्या, काळ्यांना जागा नाही. ती फोनवर नाक दाबून आवाज बदलते. दारात तोंड दिसल्यावर घरमालकीण म्हणते, खोल्या आत्ताच गेल्या. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. लंडनच्या त्या बाईचं आणि माझ्या घरमालकाचं वाक्य एकच.

पण गोरे वाईट, आपले चांगले, एवढ्यावर एमेचेटा थांबत नाही. आडा इग्बो. त्याच घरातले नायजेरियन शेजारीच तिला बाहेर काढायला टपलेले. हिनं पोरं गोऱ्या बायांकडे न ठेवता स्वतःजवळ का ठेवली, ही वाचनालयात चांगली नोकरी का करते, हा त्यांचा राग. आणि नवरा फ्रान्सिस? बायकोनं लिहिलेल्या कादंबरीचं बाड तो चुलीत घालतो. चळवळीतल्या भावांनो, इथं आपणही मान खाली घालायची आहे. सभेत क्रांती आणि घरात फ्रान्सिस, असे किती आहोत आपण?

मायभूमीचं म्हणाल तर चिनुआ अचेबेची ‘नो लाँगर ॲट ईझ’ वाचा, १९६० ची. ओबी इंग्लंडात शिकून परत येतो. क्लारा नावाच्या नर्सवर त्याचं प्रेम. तीही इंग्लंडात शिकलेली. पण ती ओसू. ओसू म्हणजे देवाला वाहिलेल्यांची अवलाद, लग्नव्यवहारातून बाद. ओबीचा बाप कट्टर ख्रिस्ती, तरी म्हणतो, हे लग्न नाही होणार. आई जीव देईन म्हणते. १९५६ सालीच पूर्व नायजेरियात ओसूप्रथा कायद्यानं बंद झाली होती. कायदा झाला, धर्म बदलला, लंडनचं पाणी प्यालं, तरी विटाळ बोटीतनं सोबत गेला आणि सोबत परत आला. क्लाराला सांगा मायभूमीची ओढ!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परदेशात तुटतं ते सगळ्यांचं सारखं तुटत नाही. ज्याचं गावात घर होतं त्याला आठवण येते. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं तो परदेशात नव्यानं परका होत नाही, त्याचा जुनाच हिशेब नव्या भाषेत सुरू होतो. या पुस्तकांत दोन्ही माणसं आहेत. विद्वानांना एकच दिसतो, कारण तो त्यांच्या चिरंजीवांसारखा आहे.

आडाचा शेवट सांगून थांबतो. कोर्टात नवरा लग्नच नाकारतो, पोरं दत्तक द्या म्हणतो. ती म्हणते, पोरं माझी आहेत. कुणाच्या नावाचा आधार न घेता ती स्वतःच ‘माझी’ म्हणते. आणि एमेचेटाचं स्वतःचं जळलेलं बाड? ते तिनं पुन्हा लिहिलं. १९७६ साली ते पुस्तक होऊन आलं.

पुस्तकं मिळवा. एकानं वाचून दहांना सांगा. पुढच्या परिसंवादाला पहिल्या रांगेत बसा, आणि वेळ संपायच्या आत विचारा, घर कुणाचं?