पाटी मान्य, पावती अमान्य

दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्रात शॉप ॲक्टचे नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही. १९ डिसेंबर २०१७ पासून लागत नाही. हे वाक्य या स्तंभाच्या वाचकांना पाठ झाले असेल, तरी या आठवड्यात ते पुन्हा लिहावे लागते आहे, कारण कराडजवळ कांडप चालवणाऱ्या एका ताईंचा फोन आला. तिखटाच्या हंगामात त्यांच्याकडे दोन बायका कामाला असतात, एरवी त्या स्वतः आणि त्यांचा मुलगा. आता दोन किराणा दुकाने त्यांचा मसाला ठेवू लागली आहेत आणि पैसे धंद्याच्या नावाच्या खात्यावरच टाकतो म्हणतात. म्हणून चालू खाते उघडायला त्या बँकेत गेल्या. बँकेने ‘शॉप ॲक्ट लायसन’ मागितले. ताईंनी पोर्टलवरून काढलेली पावती पुढे केली. ती परत आली.

‘‘शिक्का कुठं हाय म्हणत्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुदत कुठं लिवलीय म्हणत्यात. आता सरकारच शिक्का देत न्हाई, तर मी कुठनं आनू?’’

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ताईंचे काहीच चुकलेले नाही. १९४८ च्या जुन्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली प्रत्येक दुकानाला नोंदणी होती, नूतनीकरण होते, भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र होते. २०१७ चा नवा अधिनियम आला आणि लहान दुकानांपुरते हे सगळे गेले. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची. ती नमुना एफ. तिची पोच म्हणून पावती मिळते. ती नमुना जी. अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणेवर ती निघते. निरीक्षक येत नाही, शिक्का पडत नाही, नूतनीकरणाचा प्रश्नच येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात सुटसुटीतपणा होता आणि तो त्यांनी खरोखर दिला. मंत्रालयातून निघालेली ती सवलत कराडच्या काउंटरपर्यंत मात्र अजून पोहोचलेली नाही.

आता हाच कायदा, हीच लहान दुकाने आणि त्यांच्यावर आलेला दुसरा नियम पाहा: मराठी पाट्यांचा. सूचनेच्या पावतीची सवलत आणि पाटीची सक्ती शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय लहान धंद्याला नेमका त्रास कशाचा होतो, हे कळत नाही असे माझे ठाम मत झाले आहे.

पाटीचा नियम आधी दहा आणि त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता. २०२२ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून तो सगळ्यांना लागू केला. एकट्याने चालवलेल्या टपरीवजा दुकानालाही. देवनागरीतले मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरे दुसऱ्या कोणत्याही लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांनी केवढा गहजब केला ते आठवत असेल. किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेची याचिका फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पंचवीस हजार रुपयांचा खर्च लावून फेटाळली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्या न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि खटल्यांवर खर्च करण्याऐवजी तो पाट्यांवर करा, अशा आशयाचे सुनावले. मुदत संपल्यावर मुंबईत महापालिकेची पथके फिरू लागली. दंड कामगारामागे दोन हजार रुपये.

मी तेव्हाही पाटीच्या बाजूने होतो, आजही आहे. मराठी मुलखात दुकानाचे नाव मराठीत वाचता यावे यासाठी मला वेगळे कारण लागत नाही. पण भाषेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवा आणि निव्वळ कारभार म्हणून या नियमाकडे बघा. काय करायचे हे एका वाक्यात सांगता येते. पेंटरकडे जायचे, पाटी रंगवून घ्यायची, किंवा फ्लेक्स करून लावायचा. एकदा खर्च झाला की झाला. नियम पाळला की नाही हे ठरवायला कोणाची सही लागत नाही. रस्त्यावर उभा राहिलेला शाळकरी पोरगाही ते सांगू शकतो. पोर्टल नाही, ओटीपी नाही, ‘सर्व्हर डाऊन’ नाही. चुकलात तर दंड किती हे आधीच माहीत. दुकानदाराला ज्याची भीती वाटायला हवी तो अधिकारी एकच, आणि त्याने यायचे ते दुकानाच्या दारात. दुकानदाराने कामधंदा टाकून त्याच्या दारात जायचे नाही.

पावतीचे नेमके उलटे आहे. ती सक्ती म्हणून आली नाही, सवलत म्हणून आली. तिच्याविरुद्ध कोणी न्यायालयात गेले नाही, कोणी बंद पुकारला नाही. पण ती मागणारा सरकारी माणूस नाहीच. मागते बँक. मागते कार्ड-स्वाइपचे यंत्र देणारी कंपनी. घरपोच खाद्यपदार्थ पोचवणारे ॲप मागते, माल उधारीवर देणारा घाऊक व्यापारी मागतो. यांतल्या एकालाही कामगार विभाग जाब विचारू शकत नाही. प्रत्येकाच्या यादीत ‘शॉप ॲक्ट लायसन’ ही एक ओळ १९४८ च्या कायद्याच्या काळापासून बसलेली आहे, मुंबईत आणि विदर्भात तर तिला अजून ‘गुमास्ता’च म्हणतात, आणि ती ओळ खोडायचा अधिकार काउंटरवरच्या कारकुनाला नाही. त्याला रागवण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे लेखापरीक्षण उभे असते.

म्हणजे ज्या नियमाला दुकानदारांनी जाच म्हटले तो एका रंगाच्या डब्यात निकाली निघाला, आणि जिला सगळ्यांनी सवलत म्हटले ती आज इतक्या वर्षांनीही चपला झिजवते आहे. नियम कडक की सैल यावरून लहान धंद्याचे ओझे मोजणे मी सोडून दिले आहे. नियम पाळल्याचा पुरावा कोणाला द्यायचा, किती जणांना, किती वेळा, आणि तो नाकारला गेला तर दाद कुठे मागायची, यावरून ते मोजावे. या मापात पाटी हलकी आहे आणि पावती जड.

बँकांच्या बाजूचेही सांगतो, कारण इथे फट नेमकी कुठे आहे हे दिसते. एकमालकी धंद्याचे खाते उघडताना मालकाच्या ओळखीखेरीज धंद्याचे दोन पुरावे घ्यावेत, असे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आहे. त्या यादीत सूक्ष्म-लघुउद्योगांच्या ‘उद्यम’सह नोंदणी प्रमाणपत्र आहे, जीएसटीचे प्रमाणपत्र आहे, प्राप्तिकर विवरणपत्र आहे, वीजबिलासारखी बिले आहेत. आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली पालिका देते ते प्रमाणपत्र किंवा परवानाही आहे. आमच्या राज्याने लहान दुकानांसाठी प्रमाणपत्रही ठेवले नाही, परवानाही नाही. सूचनेची पोच ठेवली. रिझर्व्ह बँकेची यादी अख्ख्या देशासाठी आहे. महाराष्ट्राने आपला कायदा बदलला म्हणून ती आपोआप बदलणार नव्हती. ती जुळवून घेण्याचे काम राज्याचे होते. कायदा मंजूर झाला, नियम झाले, पोर्टल झाले, आणि बँकांना हे कळवणारे एक पत्र तेवढे राहिले.

असे प्रथमच घडते आहे असेही नाही. दुकान बंद करण्याच्या वेळेचे मागे इथेच लिहिले होते. २०१७ च्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवायला मोकळीक दिली. तरी गावोगाव रात्री शिट्टी वाजवत शटर खाली ओढायला लावणे सुरूच राहिले. अखेर १ ऑक्टोबर २०२५ रोजी शासन निर्णय काढून सांगावे लागले की मद्यविक्रीची ठिकाणे सोडून बाकीच्या आस्थापना चोवीस तास सुरू राहू शकतात. कायद्याने आधीच दिलेले पुन्हा एकदा द्यायला सुमारे आठ वर्षे लागली. पण ते दिले गेले, हेही खरे. रात्रीच्या दुकानदाराला निदान पोलिसापुढे धरायला कागद मिळाला. कांडपवाल्या ताईंना तोही नाही.

आणि आता त्यांच्या रांगेत आणखी लोक येणार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हीच मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे दहा ते एकोणीस माणसे कामाला असलेली कापड दुकाने, खाणावळी, मिठाईची दुकाने प्रमाणपत्राच्या वर्गातून पावतीच्या वर्गात. त्याचे स्वागत झाले, मथळे झाले. बँकेच्या काउंटरवर त्यांचे काय होणार, यावर मी कुठे एक ओळ वाचली नाही.

मला याहून अधिक अस्वस्थ करते ते दुसरेच. ही सवलत फुकट दिलेली नाही. तिची किंमत कामगाराने मोजली आहे. २०१७ च्या अधिनियमात मर्यादेखालच्या आस्थापनेला सूचनेचे ७ वे कलम लागू होते; पुढे आलेला पाटीचा नियम सोडला तर बाकीचा कायदा नाही. त्या बाकीच्या कायद्यात काय आहे? आठवड्याची सुट्टी आहे. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर धरून आठ पगारी सुट्ट्या आहेत. पंधरा जणांच्या साडीच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडत आणि पुन्हा घालत उभी असलेली मुलगी कालपर्यंत या कायद्याच्या आत होती. मर्यादा वीसवर गेली की ती बाहेर. मर्यादेच्या वरच्यांसाठीही त्याच निर्णयात रोजचे तास नऊवरून दहा आणि तिमाहीतले जादा काम १२५ तासांवरून १४४ तासांवर गेले आहे.

मालकांची कटकट कमी व्हावी म्हणून कामगाराची सुट्टी काढून घेणे मला पटत नाही. पण निदान तो सौदा तरी पुरा व्हायला हवा होता. इथे कामगाराचे गेले ते लगेच गेले, कायदा बदलला त्या दिवशी. मालकाला मिळायचे ते काउंटरवर अडकून पडले. मग त्या मधल्या जागेत मिळवले कोणी? माझे जुने उत्तर तुम्हाला ठाऊक आहे आणि मी ते बदललेले नाही: एजंटाने. तहसील कचेरीबाहेर बघा, झेरॉक्सच्या दुकानात बघा, ‘शॉप ॲक्ट, उद्यम, फूड लायसन काढून मिळेल’ असा बोर्ड दिसतोच. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि तिला एक पैसा शुल्क नाही. तरी लोक ती ‘काढून घेतात’. दुकानदार अडाणी आहे म्हणून हे होत नाही. अर्ज भरून चालत नाही, पुढचा माणूस तो मानतो की नाही हे जाणणारा कोणीतरी लागतो, आणि त्या जाणकारीचे पैसे एजंट घेतो. पावती निःसंशय चालते असे ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी हा बोर्ड अर्धा पुसला जाईल.

त्यासाठी नवा कायदा नको. कामगार विभागाने राज्यस्तरीय बँकर्स समितीला एक पत्र लिहावे: दहा, आणि यापुढे वीसपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेसाठी नमुना जी हाच राज्य कायद्याखालचा अंतिम दस्तऐवज आहे, त्यापलीकडे आम्ही काही देत नाही, देणारही नाही. या समितीच्या वार्षिक बैठकीला मुख्यमंत्री स्वतः बसतात, जिल्ह्याजिल्ह्याचा पतपुरवठा तिथे ठरतो. हा विषय पाच मिनिटांचा आहे. दुसरे, रिझर्व्ह बँकेच्या यादीत अशा पोचपावतीचा स्पष्ट उल्लेख व्हावा म्हणून राज्याने तिच्याकडे लेखी पाठपुरावा करावा. तिसरे, पावतीवरच मराठीत ठळक छापावे: ‘या आस्थापनेस नोंदणी प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. या पावतीस मुदत नाही.’ शिक्का शोधणाऱ्या माणसाला शिक्क्याच्या जागी हे वाचू द्या. आणि मर्यादा वाढवताना वगळलेल्या कामगारांची आठवड्याची सुट्टी तेवढी तरी परत द्या. एक दिवस माणसाला घरी सोडण्यासाठी मालकाला कोणताही अर्ज भरावा लागत नाही.

हे होईपर्यंत ताईंना जे सांगितले तेच इथे सांगतो, कारण असे फोन एकट्या कराडहून येत नाहीत. उद्यमचे प्रमाणपत्र स्वतः काढा, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवा, पैसे कोणाला देऊ नका. कांडपाचे वीजबिल धंद्याच्या नावावर करून घ्या. हे दोन कागद झाले की पावतीवाचून अडायचे कारण उरत नाही. दोन पुरावे देणे शक्य नाही याची खात्री पटली, तर जागेवर येऊन धंदा पाहून एकाच पुराव्यावर खाते उघडायची मुभा बँकेला त्याच निर्देशांत दिलेली आहे, ती मागा. तरी नाही म्हटले तर नकार लेखी मागा. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार विनाशुल्क करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. तक्रार मराठीत सांगितली तरी चालते.