दुसरा धनराज कशाला?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून आमच्या जळगावच्या हॉस्टेलात एकच वाद: अभिषेक, सुखजीत म्हणजे काही धनराज पिल्ले नव्हेत! धुळ्याचा रूममेट तर हट्टालाच पेटतो. मान्य भाऊ, खडकीचा धनराज ग्रेटच. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्याच कॅप्टनशिपखाली एशियाडचं गोल्ड ३२ वर्षांनी परत आलं. पण चार ऑलिम्पिक खेळूनही त्याला मेडल नाही. या पोरांकडे पॅरिसचं ब्राँझ आहे. तेव्हा ३५ मिनिटांचे दोन हाफ होते, आता १५ मिनिटांचे चार क्वार्टर. कंडिशन्स बदलल्या की रीडिंग्ज कंपेअर करायची नाहीत, हे लॅबमध्ये शिकतोच ना? घरी "दादासारखा हो" ऐकून आपण वैतागतो. मग त्यांनाही तेच कशाला ऐकवायचं?