शिष्यवृत्तीच्या खिडकीमागचा माणूस

बारावीचे निकाल लागले की महालात दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते : भाड्याच्या खोलीची आणि उत्पन्नाच्या दाखल्याची. उमरेड, कुही, भिवापूरकडची मुले-मुली गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंतच्या गल्ल्यांतून हिंडत असतात. खोली आठवड्याभरात मिळते. दाखलाही तहसीलच्या चार खेपांनंतर हाती येतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ती महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका खिडकीसमोर, 'शिष्यवृत्ती विभाग' अशी पाटी असलेल्या खिडकीसमोर.

शासनाने या मुलांसाठी काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्णपणे भरते. राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातींकरिता स्वाधार, जनजातींकरिता स्वयम्, इतर मागासवर्गीयांकरिता सावित्रीबाई फुले आधार आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांकरिता डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. गरज एकच, परंतु योजना अनेक, विभाग निरनिराळे आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. शुल्क माफ झाले म्हणजे सर्व मिळाले असे समजून भत्त्यासाठी अर्जच न करणारी मुलगी आणि तो अर्ज वेळेत करणारी मुलगी यांच्यात अनेकदा फरक एवढाच असतो की, दुसरीला कोणीतरी नीट सांगितलेले असते.

हे सांगायचे कोणी? ते काम खिडकीमागच्या लिपिकाकडे येते. तो कोण असतो? बहुधा प्रवेश, परीक्षा अर्ज, मूल्यांकन समितीची कागदपत्रे इत्यादी कामे करता करता शिष्यवृत्तीचा 'चार्ज'ही ज्याच्याकडे आला, असा एक कर्मचारी. अनेक ठिकाणी तो कंत्राटी असतो. आधीच्या लिपिकाने जाताना जे सांगितले, तेच त्याचे शिक्षण. विद्यार्थ्याचा ऑनलाइन अर्ज आधी त्याच्या संगणकावर येतो, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर शासनाच्या विभागाकडे जातो. एखादा कागद अपुरा असेल, तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठविण्याची सोय आहे. पण परत पाठविलेला अर्ज विद्यार्थ्याने मुदतीत पाहिलाच नाही, तर वर्ष हातचे जाते. लिपिकाने एक फोन केला तर ते वाचते. मात्र तो फोन करणे हे आपले काम आहे, असे त्याला कोणी शिकवलेले नसते.

नियमही सतत बदलत असतात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची फेररचना केली. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा ठरला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही सुधारणा उत्तमच. परंतु त्या रकमेतील शुल्काचा भाग महाविद्यालयात भरावयाचा असतो, हे ज्याला कोणी समजावले नाही, त्या मुलाकडून ती रक्कम घरच्या अडचणीत खर्च होते आणि पुढे त्याच मुलाकडे महाविद्यालय थकबाकीदार म्हणून पाहू लागते. शिवाय आधारवर आधारित रक्कम शेवटी ज्या बँक खात्याशी आधार जोडले गेले, त्या खात्यात जमा होते. गावातल्या जुन्या खात्याच्या पासबुकात ती शोधणारा विद्यार्थी 'पैसे आलेच नाहीत' म्हणून हेलपाटे घालत राहतो. या अडचणी निधीच्या अभावातून आलेल्या नाहीत. जाणकार माणसाच्या अभावातून आलेल्या आहेत.

आपल्या समाजात विद्यार्थ्याला आधार देण्याची परंपरा जुनी आहे. वार लावून जेवणाऱ्या मुलाला ज्या घरचे ताट मिळे, त्या घराला त्याचे नाव व अभ्यास ठाऊक असे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या व्यवहारात देणाऱ्याची घेणाऱ्याशी ओळख होती. आज दाता शासन आहे आणि लाभार्थी लक्षावधी. ती ओळख शासनाच्या वतीने ठेवू शकेल असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे हा लिपिक.

मग त्याच्या शिक्षणाचे काय? प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून स्वतंत्र केंद्रे उभारली. आज ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. केंद्रीय अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी २०२० मध्ये मिशन कर्मयोगी आले. महाविद्यालयीन शिष्यवृत्ती लिपिकासाठी मात्र अशी कायमची व्यवस्था नाही. अधूनमधून कार्यशाळा होतात, परंतु त्या बहुधा संगणकप्रणाली कशी चालवावी एवढ्यापुरत्या असतात.

अमेरिकेचे सर्वच अनुकरणीय नाही. विद्यार्थी कर्जाचा डोंगर हे त्या देशाचे मोठे दुखणे आहे. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे १९६५ मध्ये उच्च शिक्षण कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी विद्यार्थी अर्थसाहाय्य अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हे काम स्वतंत्र व्यवसाय मानले गेले. त्याचे अभ्यासक्रम झाले, विषयवार परीक्षा झाल्या. २००७ मध्ये काही अधिकारी कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून लाभ घेत असल्याचे उघड झाले, तेव्हा संघटनेने आचारसंहिताही स्वीकारली. कौशल्याबरोबर सचोटीही शिकवावी लागते, हे त्यांनी ओळखले.

'आता सारे ऑनलाइन आहे, लिपिक हवा कशाला?' असा प्रश्न विचारला जातो. याचेही उत्तर अमेरिकेनेच दिले आहे. तेथील साहाय्याचा अर्ज सोपा करण्याचा मोठा गाजावाजा झाला. एरवी ऑक्टोबरमध्ये खुला होणारा हा अर्ज ३० डिसेंबर २०२३ रोजी खुला झाला आणि तोही अडखळत. महाविद्यालयांना माहिती मिळू लागली ती मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात हवालदिल कुटुंबांना धीर दिला तो याच प्रशिक्षित माणसांनी. आपल्याकडेही २०१७-१८ मध्ये महाडीबीटी संकेतस्थळ प्रथम सुरू झाले, तेव्हा ते इतके अडले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. यंत्र अडते तेव्हा माणूसच लागतो. आणि यंत्राला फसविणाऱ्याला ओळखण्यासाठीही माणूसच लागतो. २०२३ मध्ये अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे आढळले. अशा प्रकरणांनंतर नियम कडक होतात आणि त्याचा काच प्रामाणिक विद्यार्थ्यालाच अधिक बसतो. खरा गरजू कोण आणि लबाड कोण, हे पारखणारी नजर प्रशिक्षणातूनच येते.

यासाठी नवी इमारत नको. नागपुरात शासकीय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी वनामती आहे, विद्यापीठ आहे, दीक्षाभूमीजवळ सामाजिक न्याय भवन आहे. या तिघांनी मिळून दोन आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग सुरू करावा. त्यात योजनांचे नियम, दाखल्यांची छाननी, बँक व आधार यांचा व्यवहार, शैक्षणिक कर्ज आणि विद्यार्थ्याशी बोलण्याची रीत हे विषय असावेत. दरवर्षी प्रवेशापूर्वी दोन दिवसांची उजळणी व्हावी. प्रशिक्षित लिपिकाला किमान तीन वर्षे त्याच कामावर ठेवावे आणि हे काम अन्य कामांच्या ओझ्याखाली दडपू नये.

समाजालाही हात आखडता घेऊन चालणार नाही. महालात सेवानिवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, महसूल खात्यातील माणसे घरोघर आहेत. जून ते ऑगस्ट या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी आपल्या वस्तीत बसून अर्ज तपासून दिले, तरी अनेक मुलांचे वर्ष वाचेल. शाखेत, मंडळात, वाचनालयात जेथे चार माणसे नित्य जमतात, तेथे हे सहज होऊ शकेल. मात्र अशा सेवेने प्रशिक्षित लिपिकाची जागा भरून निघणार नाही. ती शासनाने आणि संस्थाचालकांनीच भरली पाहिजे.

दरवर्षी अर्थसंकल्पात शिष्यवृत्तीचे आकडे वाढतात आणि आपण समाधान मानतो. यापुढे आपल्या भागातील महाविद्यालयाला एक प्रश्न अवश्य विचारावा : शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला ते काम कोणी शिकवले?