अडगावची लढाई: हिंदू-मुस्लिम हिशेबात न बसणारं १८०३
व्हॉट्सअॅपवर जुन्या लढाईचा मेसेज आला की प्रश्न ठरलेला: हिंदू जिंकले की मुसलमान? तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला हा प्रश्न लावून बघा.

नेमकं काय घडलं?
२९ नोव्हेंबर १८०३. एका बाजूला आर्थर वेलस्लीची कंपनी फौज, त्यात बहुसंख्य देशी शिपाई. पाठीशी हैदराबादचा निजाम. समोर नागपूरकर भोसले आणि शिंद्यांचे घोडेस्वार. भोसल्यांच्या पायदळात अरब. भोसले हरले. १५ डिसेंबरला बहामनींनी बांधलेला गाविलगड पडला. तो लढवताना रजपूत किल्लेदार बेनीसिंग मारला गेला.

मग जिंकलं कोण?
१७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला मिळालं. १८५३ मध्ये तेही कंपनीच्या ताब्यात गेलं.

हे फक्त आपल्याकडेच?
नाही. १०६१ मध्ये सिसिली बेटावर ख्रिस्ती नॉर्मन फौजेला साथ होती ती तिथल्याच एका मुस्लिम अमीराची.

म्हणून माझं मत: मेसेज फॉरवर्ड करण्याआधी लढाईनंतरचा तह वाचा. मुलूख आणि महसूल कुणाकडे गेला, ते तिथं लिहिलेलं असतं.