वावरण्याचा गुन्हा

‘अंधाराचा फायदा घेऊन, स्वतःचे अस्तित्व लपवून संशयास्पदरीत्या मिळून आला.’ पोलिस ठाण्यांच्या नोंदींत आणि त्यांवर बेतलेल्या बातम्यांत हे वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरत आले आहे. त्यामागे असते महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१ चे कलम १२२. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत रस्त्यात किंवा आवारात पडून राहिलेला वा रेंगाळणारा माणूस चोर म्हणून लौकिक असलेला असेल आणि त्याला आपल्याविषयी समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. त्याने काही चोरलेले असण्याची गरज नाही. लौकिक कोणी ठरवायचा आणि समाधान कोणाचे व्हायचे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पहिल्या रात्री तरी गस्तीवरचा पोलिसच असतो.

असा लौकिक कोणाच्या वाट्याला येतो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पारध्यांसारख्या जमातींना १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि त्याच वर्षी भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदाही केला. यातला दुसरा अधिक धोकादायक आहे, कारण तो दयेचा अंगरखा घालून येतो.

या कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या सवडीने वाचण्यासारखी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, एखादी वस्तू विकायला पुढे करणे हे सारे ‘बहाणे’ तिच्यात येतात. म्हणजे पहाटे दारी येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, बहुरूपी हे सगळे परवानगीचा कागद नसल्यास कायद्याच्या लेखी भिकारीच. त्याच व्याख्येतला आणखी एक भाग तर याच्याही पुढे जातो. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा स्थितीत फिरतो किंवा थांबतो की तो भिकेवरच जगत असावा असे वाटावे, एवढ्यावर माणूस भिकारी ठरतो. त्याने हात पसरलेला नसला तरी चालते. मळके कपडे, अनवाणी पाय, सोबत गाठोडे एवढा पुरावा पुरतो. पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या खेपेला किमान एक आणि कमाल तीन वर्षे संस्थेत स्थानबद्धता, पुन्हा पुन्हा सापडल्यास ती दहा वर्षांपर्यंत. कामाच्या शोधात फलाटावर रात्र काढणारा मजूर आणि घरातून हाकललेली म्हातारी यांना वेगळे काढण्याची सोय या शब्दांत नाही.

मुंबईचा हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातल्या भीक मागणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तेथपुरत्या घटनाबाह्य ठरवून रद्द केल्या. इतरांना भीक मागायला लावणाऱ्यास शिक्षा देणारे कलम ११ मात्र न्यायालयाने राखले. जम्मू-काश्मीरचा तसाच कायदा २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने मोडीत काढला. भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवा, ही मागणी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिजनांच्या नजरेतून पाहायला नकार दिला. ज्या राज्यात हा कायदा जन्मला, तेथे तो अजून धडधाकट आहे.

तो नुसता पुस्तकात पडून आहे असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी भिकाऱ्यांना उचलून चेंबूरच्या केंद्रात पाठवण्याची मोहीम घेतली. मार्च २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत सी-२० बैठकीच्या तोंडावर नागपुरात चौकाचौकांत भीक मागण्यावर थेट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली बंदी आली. पाहुणे येणार म्हटले की शहरांना गरिबांची लाज वाटू लागते, गरिबीची नव्हे. भिक्षागृहात काम करणाऱ्याला महिन्याला पाच रुपये मिळत. ते दिवसाला चाळीस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. चांगलेच झाले. पण कायद्याचे दप्तर उघडलेच होते, तर व्याख्येवरही नजर जायला हवी होती.

फिरस्त्यांवरचा संशय केवळ पोलिसांचा नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागत फिरत होते. ‘हा इथे कशाला आला?’ हा प्रश्न कायदाच विचारायला शिकवत असेल, तर जमावाकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

सिग्नलवर गाडीच्या काचा ठोठावणाऱ्या लेकरांचे काय, चौकात टवाळक्या करणाऱ्यांचे काय, हे नागरिकांचे प्रश्न खोटे नाहीत. पण भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवणे किंवा अपंग करणे भारतीय न्याय संहितेने गुन्हा ठरवलेच आहे. मुलांना भिकेला लावणाऱ्यासाठी बाल न्याय कायदा आहे. छेडछाड, पाठलाग, रस्त्यावरचे असभ्य वर्तन यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. ती सारी कृत्याला शिक्षा देतात आणि सिद्ध करावी लागतात. टोळीच्या म्होरक्याचा माग काढण्यापेक्षा पुलाखाली झोपलेल्याला गाडीत घालणे सोपे, हीच खरी अडचण आहे. बायकांच्या सुरक्षिततेची ढालही येथे नेहमी पुढे केली जाते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून तिचा समाचार घेतला आहे. बाईला उगाच, काही काम नसताना शहरात रेंगाळता यायला हवे असेल, तर तो हक्क गरीब पुरुषाला हाकलून मिळत नाही.

नाक्यावर, कट्ट्यावर, पारावर तासन्‌तास बसणे हा मराठी माणसाचा जुना शौक. इस्त्रीचे कपडे घातलेल्याला तेथे कोणी खुलासा मागत नाही. विधिमंडळाने भीकप्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येतला ‘दिसण्याजोगे साधन नसणे’ हा भाग येत्या अधिवेशनात वगळावा, कलम १२२ मधला लौकिकाचा निकष काढून टाकावा आणि दुसऱ्यांना भिकेला लावणाऱ्यांवरचे कलम ११ मात्र कायम ठेवावे. त्यासाठी पकडल्या गेलेल्या एखाद्या फाटक्या माणसाला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढायला लावू नये.