स्कॅन स्वच्छ, मेंदू जखमी

८ जानेवारी २०२० रोजी इराणची क्षेपणास्त्रे इराकमधील अल-असद तळावर कोसळली. अमेरिकेचा एकही सैनिक दगावला नाही. काही जवानांना उपचारांसाठी हलवल्यावर अध्यक्ष ट्रम्प यांनी ‘डोकेदुखी’ म्हणून विषय उडवून लावला. महिनाभरात मेंदूला इजा झाल्याचे निदान झालेल्यांची संख्या शंभरापुढे गेली.

स्फोटाच्या धक्क्याने झालेली सौम्य इजा सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही. माणूस चालता-बोलता असतो. पण घरी आल्यावर उजेड सोसत नाही, गॅस बंद करायचा राहतो, मुलांवर उगाच खेकसतो. युद्धाच्या मानसिक आघाताची लक्षणेही बरीचशी अशीच, त्यामुळे एकाचे खापर दुसऱ्यावर फुटते. कित्येकदा दोन्ही दुखणी एकत्रच नांदतात.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २००७ पासून इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्यांना थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली: स्फोटाजवळ होतात का, त्या क्षणी भान हरपले का, त्रास आजही आहे का? मात्र ही केवळ चाळणी; निदान सविस्तर तपासणीनंतरच. शिवाय फौजी आपणहून कुरकुर करत नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पत्नीलाही समोर बसवून विचारलेच पाहिजे.