‘थोडी’ म्हणजे किती?

आषाढ अमावास्येला घरातील दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करावी, ही आपली परंपरा. त्याच दिवसाला ‘गटारी’ हे नाव चिकटावे आणि सुशिक्षितांनीही ते हसत हसत मिरवावे, हे कशाचे लक्षण मानायचे? दारू हा गुत्त्यावर जाणाऱ्यांचा प्रश्न, असे समजण्याची सोय आता उरलेली नाही. ती मध्यमवर्गीय दिवाणखान्यातील कपाटात येऊन बसली आहे आणि ‘आम्ही थोडीच घेतो’ हा तिचा परवाना ठरला आहे.

हे ‘थोडी’ तपासून पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच निश्चित कर्करोगकारक ठरविले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या अवयवांना त्याचा धोका पोहोचतो. आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. थोडी वाइन हृदयाला हितकर, हा समज ज्या जुन्या अभ्यासांवर पोसला गेला, त्यांपैकी अनेकांत आजारपणामुळे पिणे सोडलेल्यांचीही गणना ‘न पिणाऱ्यां’त झाली होती. साहजिकच पिणारे अधिक निरोगी भासले!

राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने दारूबंदीचे उद्दिष्ट शासनापुढे ठेवले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. परंतु कायदा फार तर दुकान बंद करील. घरातील कपाट आपणच बंद करायला हवे.

उत्तम ते पूर्ण सोडणे. ते लगेच साधत नसेल, तर प्रमाण मोजून लिहून ठेवावे, आठवड्यातील मद्याविना दिवस वाढवीत न्यावेत, घरात साठा करू नये. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबल्यास झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ‘आता उशीर झाला’ ही सबबही खरी नव्हे. मद्यामुळे यकृतात साठलेली चरबी प्रारंभीच्या अवस्थेत, पिणे थांबविल्यावर काही आठवड्यांत ओसरू लागते. वाढलेला रक्तदाबही उतरतो.

बापाच्या हातातील पेला मुले पाहत असतात. येत्या दीप अमावास्येला घरात दिवे लागावेत आणि ते कपाट रिकामे व्हावे, एवढा संकल्प प्रत्येक कुटुंबाला सहज करता येईल.